डाव्या पाठीची चिमणी

आमच्या घरात कापडाचा धंदा होता, इतवारी पेठेत भरवस्तीत दुकान होतं, पण सकाळी उठल्यापासून घराचं सगळं घोडं अडायचं ते माझ्या नवऱ्याच्या शरीरापाशी. हरभरे भिजले का, दूध आटलं का, लंगोट वाळले का, माडीवरची सतरंजी कुणी उचलली. एवढा थाट आमच्या देव्हाऱ्यातल्या देवांचाही नव्हता. देव बिचारे खडीसाखरेवर खूश असायचे.

यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नाही. आता म्हातारपणी कागदावर घेऊन कोणता मोठा तीर मारणार आहे? तेव्हा 'हे' म्हणजे माझे यजमान, एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

मी सावनेरची. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थानं एवढंच सांगितलं होतं की मुलगा अंगापिंडानं बरा आहे. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नुसता एक गळा आला, माझ्या वडिलांच्या मांडीएवढा. वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, तेव्हा कुठे चेहरा सापडला. माळ घालायला यांनी हात उचलले आणि नव्या कोटाची काखेतली शिवण टर्रकन उसवली. कोटाचं कापड मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः दुकानातून निवडून काढलेलं होतं. मांडवात हशा पिकला. मामंजी मान खाली घालून उभे राहिले. मी मात्र तिथेच यांच्यावर भाळले, खोटं कशाला बोलू?

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. मामंजी म्हणजे काडीसारखे बारीक, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी आणि मोजकं बोलणं. त्यांच्यासमोर माझा पदर डोक्यावरून कधी ढळला नाही आणि आवाज दाराआडून पुढे आला नाही. त्या काळची रीतच तशी होती, आणि मला ती फार जाचत होती असंही नाही. यांच्याशी दिवसभर एवढं बोलावं लागायचं की उरलेला वेळ तोंडाला विसावा बरा वाटे.

लोकांना वाटायचं यांना व्यायामाचा शौक आहे. शौक कसला, पोटापाण्याचा धंदा होता तो. हिवाळा लागला की चैत्र सरेपर्यंत यांना बोलावणी यायची. शाळांची संमेलनं, जत्रा, मालगुजार जमीनदारांकडची लग्नं. हे छातीवर दगड फोडून घ्यायचे, लोखंडाची सळई मानेभोवती वाकवायचे, चालती मोटार दोराने ओढून धरायचे. आणि सगळ्यात शेवटी स्नायूंचा खेळ. तेव्हा वाजंत्री बंद. हे लंगोट लावून, तेल चोपडून नुसते उभे राहायचे आणि अंगावरचा एकेक स्नायू वेगळा काढून हलवून दाखवायचे. आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग पोटावरच्या वड्या एकीमागून एक, मग छाती, एकदा डावी, एकदा उजवी. दगड तर कुणीही फोडेल, असं हे म्हणायचे. हे मात्र शिकावं लागतं.

शिकायचं म्हणजे पाहायचं, आणि पाहायला हवा आरसा. आमच्या घरात आरसा होता तो माझ्या कुंकवाचा, तळहाताएवढा. त्यात एका वेळी यांचा एकच दंड मावायचा, तोही अर्धा. म्हणून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मला बढती मिळाली. रोज सकाळी मामंजी आंघोळीला गेले की मी माडीवर जाऊन सतरंजीवर बसायचे आणि हे माझ्यापुढे उभे राहायचे.

"काय दिसून राहिलं वं?"

"डावा खांदा खाली जाऊन राहिला."

"आता?"

"आता तुमचं तोंड वाकडं होऊन राहिलं."

हे चिडायचे. मीही काही कमी नव्हते. पण सांगायचं तर नावं हवीत, आणि स्नायूंची नावं ना यांना ठाऊक ना मला. म्हणून मीच ठेवली. दंडातला तो लाडू. पोटरीतला तो भोवरा. बरगड्यांवर बोटं उमटल्यासारखी रेघ यायची ती करंजीची मुरड. आणि पाठीवर, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या खाली, एकेक चिमणी. उजवी चिमणी गुणाची होती. सांगितलं की फडफडायची. डावी मात्र पक्की आळशी. सहा-सहा आठवडे मी ओरडायचे, "चिमणी उडवा, डावी, डावी," आणि हे सगळं अंग हलवायचे, कान हलवायचे, पण डावी चिमणी ढिम्म. खाली न्हाणीतून मामंजींच्या तांब्याचा आवाज थांबायचा, तेव्हा मी जीभ चावायचे.

मामंजींनी यांचा एकही खेळ पाहिला नव्हता. दुष्टपणा म्हणून नव्हे. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, लोक हसतील याची. लग्नातली ती शिवण त्यांच्या मनातून गेली नव्हती. त्यात एकदा कुणी गिऱ्हाईक दुकानात बसून म्हणालं, तुमचा पोरगा उघडा होऊन नाचते म्हणे. त्या दिवशी मामंजी न जेवता पानावरून उठले.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती, त्या साली माघ संपता संपता शहराबाहेरच्या एका जिनातून, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, बोलावणं आलं. कापसाचा मोसम सरत आला होता आणि जिनाच्या मालकांनी व्यापारी, अडते, मजूर अशा सगळ्यांसाठी दुपारचा खेळ ठेवला होता. मामंजींचा सगळा व्यापार याच माणसांशी. त्या संध्याकाळी त्यांनी यांना समोर बसवलं. मी दाराआड.

"मी येऊन राहिलो पाहाले," मामंजी म्हणाले.

यांना आनंदच झाला. "खरंच बाबा?"

"ऐकून घे आधी. सगळे माह्या ओळखीचे लोकं राहतीन तिथं. त्यायनं मान डोलावली, तर मी तुले जन्मात कधी दुकानाचं नाव नाही काढणार. पण लोक हसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर येऊन बसशील. मंजूर?"

"मंजूर."

झालं! विचार नाही, माझ्याकडे एक नजर नाही. बाप तसा लेक. कापडाच्या गादीवर बसलेली माणसं मी पाहत होते. वर्षभरात पोट सुटतं आणि दोन वर्षांत माणूस उभा राहायचंच विसरतो. हे गादीवर बसले असते तर शरीर गेलं असतं ते गेलंच, पण सकाळी माडीवर "काय दिसून राहिलं वं" म्हणणारा जो माणूस होता तो गेला असता. मला तोच हवा होता.

आता तेलाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या माडीवर कोनाड्यात दोन बाटल्या असायच्या. एकीत तिळाचं तेल, कापूर घातलेलं, ते यांच्या अंगासाठी. दुसरीत जवसाचं उकळून घट्ट केलेलं तेल, ते लाकडी मुद्गलांसाठी. ते लावलं की लाकूड चिरत नाही. तेल वाळतं आणि त्याचा वर एक चकचकीत पापुद्रा बसतो. अंगाला तेल मी काढून द्यायचे, तेव्हा घोटाळ्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या दिवशी मी शेजारणींबरोबर बैलांच्या दमणीत बसून आधीच जिनाकडे निघाले. हे टांग्यातून सामान घेऊन मागून येणार होते.

जिनाच्या आवारात रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गठाणी रचून मधोमध चौथरा केला होता. समोर खुर्च्या, त्यांत पुरुष. पहिल्या रांगेत काळी टोपी, हात मांडीवर, मामंजी. आम्हा बायकांना चौथऱ्याच्या मागच्या अंगाला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसवलं होतं. म्हणजे आम्हाला खेळणाऱ्याची पाठच दिसणार. बायका कुरकुरत होत्या. मला मात्र पाठच पाहायची होती.

ऊन चढलं होतं. हे आले ते अंगावर पांढरी सुती शाल लपेटून, आणि चालताना काखा जरा फाकवून. मला तेव्हाच शंका आली. असं हे कधी चालत नसत. चौथऱ्यावर चढून नमस्कार झाला आणि यांनी नेहमीच्या ऐटीत शाल भिरकावण्यासाठी हात मागे नेला.

शाल निघाली नाही.

यांनी पुन्हा ओढली. ती खांद्याला चिकटून बसली होती. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा चर्र आवाज करत ती सुटली आणि अर्धी लव यांच्या अंगावर ठेवून गेली. तेवढ्यात जिनाच्या बाजूनं वाऱ्याची एक झुळूक आली. मोसमभर आवारात साचलेला सगळा कापूस उडाला आणि दुसरीकडे कुठे न जाता थेट यांच्यावर येऊन बसला. पाठीवर, छातीवर, पोटावर, मांड्यांवर. दोन मिनिटांत माझा पीळदार नवरा पांढऱ्या केसांचं अस्वल होऊन उभा होता.

नंतर यांनी मला सगळं सांगितलं. तिळाचं तेल हातात घेतलं, तेवढ्यात नजर मुद्गलांकडे गेली. कोपऱ्यात ते असे लखलखत होते की यांना त्यांचा हेवा वाटला. "मी म्हटलं, लाकूड इतकं चमकते, तर माणूस काहून नाही?" आपल्याच मुद्गलांवर जळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि अशा कामात यांचा हात सढळ. जवसाची अख्खी बाटली रिकामी.

आधी एक मजूर हसला. मग सगळं आवार हसलं. अडते खुर्चीत मागे रेलून हसले, शेजारणी माझ्या अंगावर पडून हसल्या. कुणी ओरडलं, "सरकी काढा गा याची!" मामंजी हसले की नाही हे मला दिसेना, मधे यांची पाठ होती.

यांचा चेहराही दिसत नव्हता. पण पाठ मला चेहऱ्यापेक्षा जास्त वाचता यायची. खांदे आधी ताठ होते, मग एक एक करून खाली आले. मान पुढे झुकली. लग्नाच्या मांडवात मामंजी उभे होते, अगदी तसे हे उभे होते. आता हे खाली उतरतील, शाल घेतील, आणि उद्या सकाळी गादी.

त्यानंतर मी जे केलं ते ठरवून केलं नाही. पडदा बाजूला सारला, उभी राहिले आणि रोज माडीवर ओरडायचे तशी, त्याहून दुप्पट आवाजात ओरडले.

"अहो, खांदे खाली जाऊन राहिले! उचला ना! चिमणी उडवा, चिमणी!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इतवारीतल्या व्यापाऱ्याची सून, चार-पाचशे माणसांत, सासरा पुढ्यात बसलेला. शेजारणीनं माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला. आता बसले असते तर फुकटच उभी राहिले असं झालं असतं.

यांचे खांदे वर आले. मान ताठ झाली. आणि उजवी चिमणी फडफडली. कापसाचे पुंजके चिकटलेले होते ना, त्यामुळे एरवी कातडीखाली जे बारीक हलायचं ते लांबून लख्ख दिसलं. पांढरी पिसं थरथरली.

"आता डावी!" मी म्हटलं.

आणि डावी उडाली! तेलानं कातडी ओढली गेली होती म्हणून, की भीतीनं, देव जाणे. सहा आठवडे ढिम्म बसलेली ती आळशी बया चांगली दोनदा फडफडली. आमच्या मागच्या बायकांनी असा काही गलका केला, टाळ्या काय, किंकाळ्या काय! समोरच्या पुरुषांना काहीच कळेना. पाठ आमच्याकडे ना!

"काय झालं? काय झालं?"

"इकडे फिरा गा! आम्हाले बी दाखवा!"

हे फिरले. आता यांचा चेहरा आमच्याकडे होता. कापसातून दोन डोळे दिसत होते, आणि ते सरळ मला शोधत होते. मी हातानंच खूण केली, डावी, मग उजवी. मग पुढे कुणाच्या सांगण्याची गरज उरली नाही. दोन्हीकडच्यांना दिसावं म्हणून हे चौथऱ्यावर गोल फिरत राहिले. लाडू फुगले, भोवरे फिरले, पोटावरच्या वड्या वरून खाली गेल्या आणि खालून वर आल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कापूस हलून बोट दाखवत होता, पाहा, इथे पाहा. लोक खुर्च्यांवर चढले. हसतही होते, टाळ्याही वाजवत होते. मामंजी तेवढे बसून होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. हसून की रडून, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर खरी मजा. बेसन झालं, शिकेकाई झाली, दोन बंब पाणी झालं, कापूस काही निघेना. हे ओसरीत पाटावर बसून कण्हत होते. तेवढ्यात मामंजी बाह्या सारून आले. कापडावरचे डाग काढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"पाण्यानं नाही निघत ते," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. ते माझ्यासाठी होतं. "तेलाले तेलच काढते. तिळाचं आण सूनबाई, कोमट करून."

मी आणलं. मामंजींनी स्वतः यांच्या पाठीला तेल चोळलं, वीतभर वीतभर, कापडाचा पोत पाहावा तसं. मधेच त्यांचा हात थांबला, डाव्या फऱ्याखाली. बोटांनी त्यांनी जागा चाचपली.

"हेच का ते?"

"हो बाबा," हे म्हणाले.

मामंजींनी पुढे चोळायला घेतलं. पाठ पुसून झाल्यावर म्हणाले, "लोक हसले."

"हो बाबा."

"बोलणं झालं होतं आपलं."

"येतो ना उद्या. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

मला दोघांचा असा राग आला म्हणून सांगू! रात्रीची भाकरी मी दोघांच्या पानात जरा आपटूनच वाढली.

दुसऱ्या दिवशी हे नवा सदरा घालून गादीवर जाऊन बसले. तासाभरात दुकानासमोर गर्दी. कालचा कापूसवाला तो हाच का, म्हणून अख्खी इतवारी लोटली. हे वरच्या फळीवरचे ताग्यांचे अख्खे गठ्ठे एका हातानं खाली काढायचे आणि लोक दाद द्यायचे. कापड कुणी पाहीना. एक म्हातारी म्हणे लुगडं उलगडून घेऊन बसली आणि म्हणाली, लुगडं राहू दे बाबू, चिमणी दाखव. त्यात वरचा तागा काढताना सदऱ्याची काखेतली शिवण टर्रकन उसवली.

दुकानात हशा पिकला. या वेळी, हे सांगतात, सगळ्यांत आधी मामंजी हसले. मग कसंबसं थांबून म्हणाले, "जाय गा घरी. माणसं कापड पाहाले येतीन तर दुकान चालन. तुले पाहाले येऊन राहिले. जाय, तुयं काम कर."

दुपारी बारालाच हे घरी आले, उसवलेला सदरा घेऊन. मी तो सदरा शिवता शिवता हसत होते आणि मधेच रडतही होते, आणि हे समोर बसून दोन माणसांचं जेवण जेवत होते.

आठवड्यानं दुकानातल्या हमालांनी एक भला थोरला आरसा माडीवर आणून उभा केला, पुरुषभर उंचीचा, शिसवी चौकटीचा. मामंजी खालूनच म्हणाले, "सूनबाईले आता बोंबलावं नाही लागणार." मला ते शब्द जरा लागले. माझी नोकरीच गेली म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर गेले ती नुसती सतरंजी झटकायला म्हणून.

हे आरशासमोर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा सगळे एकदम दिसत होते स्वतःला. बराच वेळ पाहिलं, लाडू पाहिले, वड्या पाहिल्या. मग चिमणीची पाळी आली. हे पाठ वळवून उभे राहिले आणि मान मागे वळवली. वळवली की खांदा फिरायचा. खांदा सरळ केला की आरसा दिसायचा नाही. दोन-तीन प्रदक्षिणा झाल्या.

"काय वं, आरशात पाठ तर दिसूनच नाही राहिली!"

मी सतरंजीवर जाऊन बसले. हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, श्वास घेतला, खांदे उचलले.

"उडाली का?"

मी तोंड उघडणार, इतक्यात मागून जिन्यातून आवाज आला. मामंजी तिथे उभे होते, अंगावर पंचा, हातात रिकामा तांब्या. किती दिवसांपासून तिथे उभे राहत होते कोण जाणे.

"उजवी उडाली," मामंजी म्हणाले. "डावी राह्यली गा. पुन्हा कर."